आमदार लोकसेवक नव्हे?

उन्नाव बलात्कार प्रकरणात जन्मठेप झालेला उत्तर प्रदेशातील माजी आमदार कुलदीपसिंह सेंगर याची शिक्षा दिल्ली उच्च न्यायालयाने २३ डिसेंबर २०२५ रोजी स्थगित केली आणि २९ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशालाच स्थगिती दिली. या सहा दिवसांत देशापुढे उभा राहिलेला प्रश्न एका गुन्हेगाराच्या सुटकेपुरता नाही. जनतेच्या मतांवर निवडून येणारा आमदार कायद्याच्या लेखी जनतेचा सेवक आहे की नाही, हा तो प्रश्न होय.

सेंगरची राजकीय वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. २००२ साली बहुजन समाज पक्षाच्या, २००७ व २०१२ साली समाजवादी पक्षाच्या आणि २०१७ साली भारतीय जनता पक्षाच्या तिकिटावर तो विधानसभेत गेला. चार निवडणुका, तीन पक्ष, तीन मतदारसंघ. जिल्हा मात्र एकच आणि दबदबाही तोच. या पक्षांना हवी होती ती त्याची मते नव्हेत, तर गावोगावची मते वळविणारी त्याची हुकमत. ती हुकमत ज्याच्या हाती, त्याचे पोलीस ठाणे, असा ग्रामीण भारतातील जमीनदारी राजकारणाचा रिवाज आहे.

त्या हुकमतीचा प्रत्यय एका अल्पवयीन मुलीला आला. अत्याचार घडला जून २०१७ मध्ये; आमदारावर गुन्हा नोंदला गेला १२ एप्रिल २०१८ रोजी. दरम्यान ३ एप्रिलला तिच्या वडिलांना बेदम मारहाण झाली आणि शस्त्र बाळगल्याच्या आरोपावरून अटकही त्यांनाच झाली. ८ एप्रिलला तिने लखनौत मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानासमोर स्वतःला जाळून घेण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्याच दिवशी वडील कोठडीत असतानाच मरण पावले. देशभर संतापाची लाट उसळली, अलाहाबाद उच्च न्यायालयाने लक्ष घातले, तेव्हा कुठे १३ एप्रिलला केंद्रीय अन्वेषण विभागाने सेंगरला अटक केली. वडिलांच्या मृत्यूप्रकरणी मार्च २०२० मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यातील दोषींत त्याच्या भावाबरोबर दोन पोलीस अधिकारीही होते, हे विसरता कामा नये.

सत्ताधारी पक्षाने त्याच्या हकालपट्टीचा निर्णय जाहीर केला तो १ ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे अटकेनंतर सव्वा वर्षाहूनही अधिक काळाने. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने हे खटले उत्तर प्रदेशाबाहेर, दिल्लीला हलविले. आमदारकी तर २० डिसेंबर २०१९ रोजी जन्मठेप सुनावली जाईपर्यंत अबाधित होती.

आता कायद्याचा मुद्दा. बालकांवरील लैंगिक अत्याचार लोकसेवकाने केल्यास २०१२ चा पोक्सो कायदा त्याला अधिक गंभीर गुन्हा मानतो. आमदार ‘लोकसेवक’ या व्याख्येत बसत नाही, असे उच्च न्यायालयाने प्रथमदर्शनी मानले. या अर्थाचे मूळ महाराष्ट्रातील एका गाजलेल्या खटल्यात आहे. अंतुले प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आमदार हा भारतीय दंडविधानाखाली लोकसेवक नाही, असा निर्णय दिला आणि त्यामुळे माजी मुख्यमंत्र्यांवरील खटल्याच्या वाटेतील पूर्वमंजुरीची अडचण दूर झाली. सत्ताधाऱ्याला न्यायालयासमोर उभा करणारा तोच अर्थ एक्केचाळीस वर्षांनी दुसऱ्या सत्ताधाऱ्याच्या सुटकेसाठी पुढे करण्यात आला! हवालदार लोकसेवक, तलाठी लोकसेवक. त्या दोघांवर ज्याची जरब चालते तो आमदार मात्र नव्हे, ही विसंगती कोणत्याही श्रमिकाच्या न्यायबुद्धीला पटणारी नाही.

आमदारांना या व्याख्येत घेतल्यास खटल्यासाठी सरकारची परवानगी लागेल, ही शंका येथे टिकत नाही. बलात्काराच्या गुन्ह्यात लोकसेवकावर खटला भरण्यास अशी परवानगी लागणार नाही, अशी दुरुस्ती २०१३ सालीच झालेली आहे. तेव्हा पोक्सो कायद्यात खासदार व आमदार यांचा स्पष्ट शब्दांत समावेश करण्यास संसदेला कोणतीही अडचण नाही.

ही मागणी पक्षसभासदांनी कामगार, शेतकरी व महिला यांच्या व्यासपीठांवरून लावून धरली पाहिजे. परंतु केवळ कलम बदलून भागणार नाही. तक्रार घेऊन आलेल्या गरीब बाईला ठाण्याच्या पायरीवरून परत पाठविले जाते, त्या क्षणी तिच्यापाठी संघटना उभी असते की नाही, यावरच कायद्याचे मोल ठरते. उन्नावच्या मुलीला त्या पायरीवर कोणी सोबती नव्हता. पुढच्या मुलीला तो असलाच पाहिजे.