श्यामच्या आईच्या नावाने

मुलांना मारावे की नाही, असा विषय निघाला की मराठी घरांत हटकून श्यामच्या आईची साक्ष काढली जाते. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला तिने शिंपटीने झोडपले, म्हणून तो विहिरीत उतरला. सबब मार हितकारक! साने गुरुजींच्या पुस्तकाचे हे वाचन आम्हाला सोयीचे वाटते, प्रामाणिक नव्हे. त्याच पुस्तकात श्यामच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून ती धोंड्यावर ओचा पसरते आणि मनही असेच जपायला सांगते. शिंपटीने फार तर पोहणे शिकवता येईल. विवेक शिकवला तो त्या ओच्याने.

गेर्शॉफ व ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली पन्नास वर्षांतील संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. त्यात १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांची माहिती होती. निष्कर्ष असा, की चापट्या खाणाऱ्या मुलांत उद्धटपणा, आक्रमकता आणि मानसिक त्रास अधिक आढळतो. 'मुले उद्धट म्हणूनच मार खातात', असे कोणी म्हणेल. क्षणभर तसे मानू. तरीही माराने ती सुधारल्याचा पुरावा कुठे आहे?

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) १७ व्या कलमाने शिक्षकाच्या हातातली छडी काढून घेतली. पालकाच्या हाताला मात्र मोकळीक राहिली. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला काही मर्यादांत संरक्षण देणारे १८६० च्या दंडसंहितेतले ८९ वे कलम १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत २७ वे होऊन नांदते आहे. स्वीडनने घरातल्या मारावरही १९७९ सालीच बंदी घातली. आपल्याकडे शिपायाला थोबाडीत मारणे गुन्हा ठरतो, पत्नीवर हात उगारणे गुन्हा ठरतो. ज्याला उलट हात उचलता येत नाही, त्याच्या बाबतीत मात्र सद्भावना पुरते.

उरतो तो शेवटचा युक्तिवाद: 'आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?' बिघडले ते एवढेच, की दुबळ्यावर हात टाकताना लाज वाटेनाशी झाली, आणि त्या हातालाच माया म्हणायची सवय लागली. हीच सवय पुढच्या पिढीच्या पाठीवर उमटवायची आणि तिला संस्कार म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही.