तारांचा हिशेब

'टंग' असा आवाज आला तेव्हा मला वाटलं, टायरखालून खडा उडाला. कणकुंबी मागे पडलं होतं आणि आम्ही तिघे चोर्ला घाटाच्या उताराला लागणारच होतो. थोडं पुढे गेलो, तर मागचं चाक वाकडंतिकडं होऊन ब्रेकला घासायला लागलं. उतरून पाहिलं. डाव्या बाजूची एक तार हबपाशी तुटून लोंबत होती. कंपनीतून तयार आलेलं चोवीस तारांचं चाक; त्यातली एक गेली की बाकीच्यांना तोल सांभाळता येत नाही.

मित्र पुढे गेले. मी गोव्यात भाजी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत सायकल टाकली आणि बेळगावला आलो. वाटेत एकच विचार होता : हीच तार दहा मिनिटांनी, ताशी पन्नासच्या वेगात, एखाद्या वळणावर तुटली असती तर? घरी चौदा महिन्यांची मुलगी आहे. बायकोने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "घाट करायचा असेल तर आधी चाक बदल. नाहीतर जांबोटीपर्यंत जा आणि परत ये."

तयार चाक पुन्हा घ्यायचं नाही, स्वतः बांधायचं, असं ठरवलं. हब आणि रिम निवडायला एक संध्याकाळ पुरली. तारांनी मात्र तीन आठवडे खाल्ले. (स्पोकला आपल्याकडचे सायकलवाले तारच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहितो.)

माझं वजन ८८ किलो. साहजिकच पहिला विचार आला, जितकी जाड तार तितकं मजबूत चाक. शहापुरातल्या ज्या मामांकडे मी शाळेत असल्यापासून चाकाचा आऊट काढायला जातो, त्यांचंही तेच मत. "एवढी बारीक तार? आणि तुझं वजन काय? जाड घाल की!"

पण तार का तुटते हे नीट वाचलं आणि गणित उलटं निघालं. जॉब्स्ट ब्रँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं 'द बायसिकल व्हील' हे १९८१ चं पुस्तक आहे, चाक बांधणारे अजून त्याचाच आधार घेतात. त्यातून कळलं ते असं. सायकलची तार सहसा ताकदीपेक्षा जास्त ओझं आलं म्हणून तुटत नाही, थकून तुटते. चाक फिरताना जी तार जमिनीच्या बाजूला येते तिचा ताण क्षणभर कमी होतो, वर गेली की परत येतो. ७०० सी चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. म्हणजे किलोमीटरला सुमारे ४७५ फेरे, आणि दहा हजार किलोमीटरला ४७ लाखांच्या वर. जुना पत्र्याचा डबा इकडे-तिकडे वाकवत राहिलं की शेवटी तुटतो ना, तसं. आणि तुटते ती बहुतेक हबमधल्या वळणापाशी, जिथे ती वाकवलेली असते.

आता खरी गंमत मागच्या चाकात. उजवीकडे गिअरची चकती असल्यामुळे हबची कड आत सरकलेली असते, म्हणून उजव्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या. त्यांना ११० किलोच्या आसपास ताण दिला, तर डावीकडे जेमतेम त्याच्या निम्मा बसतो. डावीकडचा वाढवावा म्हटलं तर रिम तिकडे ओढली जाते. माझी तुटलेली तार याच निम्म्या ताणाची, सैल बाजूची होती!

मग वहीत आकडेमोड केली. २९० मिलिमीटर लांबीची, सरळ २ मिलिमीटर जाडीची स्टीलची तार ५० किलो ताणाला लांबते सुमारे ०.२३ मिलिमीटर. खड्ड्यात रिम तेवढी आत दबली की त्या तारेतला ताण शून्य. ती ढिली पडते, निपल हळूहळू फिरून सुटायला लागतं, आणि चाक वर गेलं की तारेला पुन्हा झटका. मध्ये १.५ मिलिमीटरपर्यंत बारीक केलेली तार मात्र त्याच ताणाला जवळपास ०.४ मिलिमीटर लांबते. म्हणजे रिम दबली तरी तिच्यात ताण उरतो, शिवाय आलेला भार शेजारच्या तारांवरही वाटला जातो. टोकं २ मिलिमीटरचीच असल्यामुळे वळणापाशी जाडी कमी होत नाही. अशा तारांना बटेड म्हणतात. ताणाच्या जिवावर उभं असलेल्या चाकात थोडी लवणारी तार जास्त टिकते, हे माझ्यासारख्या बी. ई. झालेल्या माणसाला पस्तिशीत समजलं.

मग सगळीकडे १.५ का नाही? कारण बारीक तार घट्ट करताना निपलबरोबर स्वतःच पिळते, आणि उजव्या बाजूला ताण मोठा, वर पायडलचा जोर. शिवाय ८८ किलोचा माणूस उभा राहून चढ चढतो तेव्हा चाक बाजूला फार डुलू नये. म्हणून मागे ३२ तारा : उजवीकडे मध्ये १.८ च्या, डावीकडे १.५ च्या. पुढे २८, सगळ्या १.८ च्या.

चपट्या तारांचा मोह मलाही झाला. दिसायला देखण्या, हवा थोडी कमी अडवतात, आणि पिळल्या तर लगेच दिसतं, हा खरा फायदा. पण किंमत कितीतरी पट, आणि वजनाला १.५ च्या गोल तारेएवढ्याच. वजनाचं म्हणाल, तर सरळ २ मिलिमीटरची तार सुमारे ७ ग्रॅमची. साठ तारा बदलून मी जे वाचवलं ते एका चहाच्या कपात मावेल. वजनासाठी यात पडू नका. निपलही मी पितळेचेच घेतले. ॲल्युमिनियमचे घेतले असते तर ४० ग्रॅम वाचले असते, पण आपला पाऊस आणि पुढे गोव्याची खारी हवा लागली की ते धरून बसतात. यावर मात्र मामांचं आणि माझं एकमत झालं.

एक चूक सांगून टाकतो. लांबीच्या हिशेबासाठी रिमचा व्यास मी स्वतः न मोजता कुठेतरी लिहिलेला धरला. तारा २ मिलिमीटर लांब आल्या, निपलच्या डोक्याबाहेर डोकावायला लागल्या. दुसरा संच मागवावा लागला. तो खर्च बायकोला अजून सांगितलेला नाही. ती हे मासिक वाचते, त्यामुळे आता कळेल.

बांधून झाल्यावर चाक घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी ते कानाशी धरून तारा छेडल्या, सतार लावल्यासारख्या. "डावीकडं जास्त ताणलंयस," म्हणाले. मी उसना आणलेला ताणमापक लावून दाखवला, जाडीनुसार त्याचे तक्ते वेगळे असतात. ताण बरोबर होता. बारीक तार त्याच ताणाला वरच्या सुरात वाजते, म्हणून कान फसला होता. मामांना हे पटलं नाही. त्यांनी पुन्हा एक-एक डावी तार छेडली आणि एकीवर बोट ठेवलं. "ही बघ. ही बाकीच्यांसारखी नाही."

मापक लावला. ती एकटी दहा किलोने सैल होती. माझ्या नजरेतून सुटलेली.

त्याच चाकांवर चोर्ला उतरून केरीपर्यंत तीनदा जाऊन आलो. परवा मामांकडे आऊट बघायला नेलं, तर त्यांनी चाक फिरवलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, पाना न उचलताच परत दिलं. पैसे घेतले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी जाड घाल."