‘ती घरीच तर असते’

घरात कोणी अंथरुणाला खिळलं की घरातल्या एका व्यक्तीचा, बहुतेक वेळा बाईचा, सगळा दिवस त्या आजारी शरीराच्या तंत्राने चालू लागतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते आणि बघता बघता जखम पडते. नळीतून जेवण द्यायचं ते डोकं उंच ठेवून, आणि दिल्यावरही बराच वेळ आडवं करायचं नाही. लघवीची पिशवी वेळेवर रिकामी करायची. रात्रीही यातलं काही टळत नाही. हेच काम नर्सिंग ब्युरोची बाई करते तेव्हा तिची पाळी ठरलेली असते, पगारही. सून, मुलगी किंवा बायको करते तेव्हा पाळी संपतच नाही, आणि पैशांचा विषय काढणं शोभत नाही.

अशा घरच्या काळजीवाहकांना सरकारने दरमहा भत्ता द्यावा, असं कोणी म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: आपल्या माणसाचं करणं हे कर्तव्य आहे, त्यात पैसा आला की माया आटते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयाने या आक्षेपाचं उत्तर चार दशकं दिलं. 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झालेल्या परिचारिका अरुणा शानबाग 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. इतकी वर्षं पडून असूनही त्यांच्या अंगावर जखम होऊ दिली नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या 2011 च्या निकालात घेतली आणि त्यांना भरवणाऱ्या, पुसणाऱ्या परिचारिकांचं मनापासून कौतुक केलं. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावरही न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच त्यांचं जवळचं माणूस मानलं. या सगळ्या परिचारिका पगारी होत्या. पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि माया टिकली. माया आटते ती झोप न मिळाल्याने, औषधाच्या दुकानातली उधारी वाढल्याने, मदतीला कोणी न आल्याने.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे आणि अधिक अन्यायाचा: ती घरीच तर असते, मग पैसे कशाचे? ब्रिटनमध्ये हा आक्षेप चक्क कायद्यात होता. तिथे 1976 साली काळजीवाहकांसाठी भत्ता सुरू झाला, पण विवाहित बायकांना आणि जोडीदारासोबत राहणाऱ्या बायकांना त्यातून वगळलं गेलं. त्या एरवीही घरीच असल्या असत्या, हे त्यामागचं सरकारी गृहीतक होतं. जॅकी ड्रेक यांनी अपंग आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडली होती. केवळ विवाहित म्हणून त्यांना भत्ता नाकारला गेला. त्या लढल्या, आणि जून 1986 मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकाल येतोय हे दिसताच सरकारने आदल्याच दिवशी नियम बदलण्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे ते गृहीतक कायद्यात लिहिलेलं नाही, मनात आहे. 2024 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयोगटातल्या, घरच्यांची देखभाल करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी 140 मिनिटांचा वेळ त्यात जातो असं दिसलं; पुरुषांचा 74 मिनिटांचा. यात मुलांचं करणंही आलं. स्वयंपाक आणि धुणीभांडी वेगळीच.

‘या कामाची किंमत ठरवणार कशी?’ असंही विचारलं जातं. न्यायालयं ती कधीपासून ठरवत आहेत. 3 मार्च 1989 रोजी जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेकांचा बळी गेला. त्या प्रकरणात, लता वाधवा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली मृत गृहिणींच्या कामाचं मोल महिन्याला 3000 रुपये धरलं. अपघाताच्या दाव्यांत आजही गृहिणीचं असं मानीव उत्पन्न काढलं जातं. बाई गेल्यावर जे मोजता येतं, ते ती हयात असताना मोजायला अडचण कसली?

खरा विचार करावा असा आक्षेप स्त्री चळवळीतून येतो: भत्ता दिला की बाई आणखी घट्ट घराला बांधली जाईल. ही भीती खोटी नाही. ब्रिटनमध्येच भत्ता घेणाऱ्याच्या कमाईला मर्यादा आहे आणि ती एका पौंडाने ओलांडली तरी त्या आठवड्याचा पूर्ण भत्ता जातो. परिणामी हजारो काळजीवाहकांच्या दारात वसुलीच्या नोटिसा आल्या. पण यातून भत्ता नको असं निघत नाही; ती अट नको, एवढंच निघतं. जर्मनीत 1995 पासून देखभाल विमा आहे. घरी सांभाळ होत असेल तर त्यातून दरमहा रोख रक्कम मिळते, आणि घरच्या काळजीवाहकाच्या पेन्शनचे हप्तेही अटी पाळून विमा निधीतून भरले जातात. तिथे काळजीचं काम म्हातारपणीची पुंजी खात नाही.

राहिला तिजोरीचा प्रश्न. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहेच, मात्र ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. केरळने त्याआधीच, 2010 मध्ये, ‘आश्वासकिरणम्’ योजना आणली. तिचे 600 रुपये तुटपुंजे आहेत आणि हप्ते थकल्याच्या तक्रारीही खूप झाल्या, पण पैसे सांभाळणाऱ्या माणसाच्या नावाने निघतात, हे तत्त्व तिथे मान्य झालं. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान दिव्यांग व्यक्तीला मिळतं, ते तिचंच राहायला हवं. लाडकी बहीण योजनेने 2024 पासून दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यांत थेट पैसे टाकून दाखवले, म्हणजे यंत्रणा नाही हे कारण उरलं नाही. पण ती योजना 65 व्या वर्षी थांबते. पक्षाघात झालेल्या नवऱ्याला उचलून बसवणारी सत्तरीची बायको तिच्यात बसत नाही, बायकोचं सगळं करणारा नवराही नाही.

म्हणून वेगळा काळजीवाहक भत्ता हवा: स्वतंत्र खात्यात, अर्धवेळ नोकरीची मुभा ठेवून, आणि महिन्यातून काही दिवस बदली माणूस मिळण्याच्या सोयीसह. ब्रिटनमध्ये ज्याला सांभाळायचं तो माणूस गेल्यावरही हा भत्ता आठ आठवडे चालू राहतो. महाराष्ट्राने तो निदान सहा महिने चालू ठेवावा. आईवडिलांपायी नोकरी सोडलेल्या पन्नाशीच्या मुलीला आठ आठवड्यांत कोणी कामावर घेत नाही.