तासाभराची मुंबई

विमानाने कोल्हापूरहून मुंबई तासाभरावर आली, याचे कौतुक आम्हांलाही आहे. आकाशमार्गे हे अंतर सुमारे 300 किलोमीटर. लोहमार्गाने ते 500 किलोमीटरांवर जाते. कारण 1891 साली सुरू झालेला आपला लोहमार्ग आधी पूर्वेस मिरजेला जातो आणि मग सातारा, पुणे करीत घाट उतरतो. महालक्ष्मी एक्सप्रेसची अख्खी रात्र त्यात जाते. परंतु विमानाचा तास केवळ आकाशातला. उजळाईवाडीचा तळ गाठणे, तेथील तपासणी, मुंबईच्या विमानतळावरून फोर्टपर्यंतची वाट, यांत आणखी तीन-चार तास सहज मोडतात. तिकिटाच्या दराविषयी शिक्षकांना व कारकुनांना आम्ही काय सांगावे? गडहिंग्लज-चंदगडचा पक्षकार उच्च न्यायालयाच्या तारखेसाठी वर्षानुवर्षे रात्रीची गाडीच धरीत आला. त्याची खेप वाचविली ती विमानाने नव्हे, तर 18 ऑगस्ट 2025 पासून येथे भरू लागलेल्या सर्किट बेंचने. त्यासाठी सहा जिल्ह्यांतील वकिलांना व पक्षकारांना कित्येक वर्षे झगडावे लागले, हे विसरता येत नाही. मंत्रालयात अडकलेल्या कागदासाठी मात्र तीच रात्रीची गाडी अजून चुकलेली नाही. संबंधित खात्यांचे अधिकारी महिन्यातून दोन दिवस कोल्हापुरात का बसू नयेत? त्यांना तर विमानही परवडेल!