‘तुझ्यातली जिलबी’ कुठल्या विभक्तीत?

सकाळी इंदूरच्या राजवाड्यासमोर वाफेवरच्या पातेल्यातून पोहे प्लेटीत पडतात, वर शेव आणि जीरावन मसाला. सोबत जिलबी हवीच. ‘तुझ्यातली जिलबी ताईला दे,’ असं एखादी मराठी आई पोराला बजावते. सगळी नव्हे, थोडी. एवढ्याशा ‘तली’त वाटणी उरकते.

फिनिश भाषेत या वाटणीला स्वतंत्र विभक्तीच आहे. तिथे नामाच्या 15 विभक्ती धरतात. ‘लेइपॅ’ खाल्ला म्हणजे थोडा पाव, ‘लेइवॅन’ खाल्ला म्हणजे अख्खा. पक्ष्यावर गोळी नुसतीच झाडली की पक्षी मेला, हेही क्रियापद न बदलता विभक्तीच सांगते. मराठीत हे काम बरेचदा क्रियापद करतं. ‘पोहे खाल्ले’वरून प्लेट रिकामी झाली का ते कळत नाही, ‘खाऊन टाकले’ म्हटलं की संपलं.

शाळेत मात्र मुलं विभक्तीच्या तक्त्यातले द्वितीयेचे ‘स, ला, ते’ घोकतात. मग ‘जिलबी खा’ या वाक्यात जिलबी कर्म असून ‘ला’ कुठे गेला, असं एखाद्याने विचारलं तर उत्तराची पंचाईत! दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण 1836 साली आलं. त्यानंतरही संस्कृतचा साचा मराठीला सुटलेला नाही. या साच्यात भागाला स्वतंत्र घर नाही. ‘पैकी’ला विभागवाचक शब्दयोगी अव्यय म्हणून निदान वेगळा पाट मिळाला. ‘तला’ सप्तमीच्या ‘त’मागे उभाच.

इंदूरच्या मराठी मुलांसाठी ही हेळसांड महागाची आहे. त्यांच्या कानावर दिवसभर हिंदी. ‘इसमें से’ लाडवाला, जिलबीला, पोह्यांना सारखंच चालतं. मराठीत यातला लाडू, यातली जिलबी, यातले पोहे. घसरायची जागा इथे आहे, ‘स, ला, ते’त नाही. 1917, 1935 आणि 2001 अशी तीन मराठी साहित्य संमेलनं भरवलेल्या या शहरातल्या मराठी वर्गांनी तरी तक्ता थोडा बाजूला सारावा. फळ्यावर ‘घासातला घास’, ‘पाचांपैकी दोघी’, ‘त्यातल्या त्यात बरा’ लिहावं आणि मुलांना विचारावं: यात अख्खं कोणतं, भाग कोणता? शेवटच्या उदाहरणावर मास्तरांनाही जरा थांबावं लागेल.