फजरनंतर माळावर

पक्षी पाहण्यासाठी पैसे मोजून, वाटाड्या घेऊन फिरणे आपल्या लोकांना रिकामटेकडेपणा वाटतो. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत मात्र हा चांगला चालणारा व्यवसाय आहे. स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान इथे आठवडाभराच्या सहली निघतात. एका सकाळी मिठागरे, दुसऱ्या दिवशी ऑलिव्हच्या बागा, मग ओकची राने आणि शेवटी उंच डोंगर. युरोप आणि आफ्रिकेदरम्यान ये-जा करणारे बलाक व गरुड जिब्राल्टरला आणि इस्तंबूलच्या बॉस्फरसवर थव्याथव्याने दिसतात. हे जड पक्षी पंख न मारता, तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेवर तरंगत जातात. समुद्रावर तशी हवा मिळत नाही, म्हणून पाणी जिथे सर्वांत अरुंद तिथूनच ते पलीकडे जातात. अशा ठिकाणी कोणत्या वेळी, कुठे उभे राहायचे हे जाणणे, हे वाटाड्याचे खरे कौशल्य. नावे काय, पुस्तकातही सापडतात.

जागा बदलली की पक्षी बदलतो, हा त्या सहलींमागचा हिशेब. तो नांदेड जिल्ह्याला लावून पाहा. लोह्याभोवती बालाघाटाचे खडकाळ माळ आहेत. तालुक्यातच लिंबोटीचे धरण आहे. शेजारी कंधारला किल्ला आणि राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग सागर, नांदेडला गोदावरी आणि उत्तरेला किनवट-माहूरचे सागवानी जंगल. समुद्र तेवढा नाही.

यंदाच्या जानेवारीत तीन घरांतली आम्ही नऊ माणसे दोन दिवस हे सारे पाहून आलो. चार बायका, दोन पुरुष, तीन मुले. वाटाडे होते एक निवृत्त शिक्षक. नाव छापू नका म्हणाले, म्हणून इथे नुसते गुरुजी. त्यांनी निघण्याची वेळ विचारली तेव्हा आमच्यातल्या नानी म्हणाल्या, "फजर पढून लगेच निघू." गुरुजी खूश झाले. म्हणाले, "बाकीच्या लोकांना पहाटे उठवताना माझा जीव जातो. तुमचे काम सोपे आहे."

पहिला मुक्काम लोह्याजवळचा माळ. दिसायला काही नाही: कुसळी गवत, बाभळी, दगड. कागदावर अशा जमिनीला पडीक म्हणतात. गुरुजींनी सगळ्यांना गप्प बसवले आणि दहा मिनिटे फक्त ऐकायला लावले. टिटवी ओरडली. चंडोल उंच चढून गात राहिला. मग बांधाआडून तितर बोलला. "सुभान तेरी कुदरत म्हणतोय बघ," नानींनी नातवाला सांगितले. गुरुजी हसले. हे बोल खरे तर उत्तरेकडच्या काळ्या तितराच्या आवाजावर बसवलेले आहेत, आपला करडा तितर वेगळ्या चालीत ओरडतो, असे ते म्हणाले. नानींना ते पटले नाही. आम्हालाही नानींचेच ऐकावेसे वाटले.

थोडे पुढे हुदहुद दिसला. डोक्यावर तुरा, लांब वाकडी चोच, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, जमिनीत चोच खुपसून अळ्या काढण्यात गर्क. मुलांनी हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांची गोष्ट ऐकलेली होती. सबाच्या राणीची खबर आणणारा तो हाच, हे त्यांना खरे वाटेना. त्यांच्या मनातला हुदहुद मोराएवढा होता.

बाभळीच्या शेंड्यावर आणखी एक पक्षी बसला होता. डोळ्यावर काळी पट्टी, आकडेबाज चोच. गुरुजी म्हणाले, "हा खाटीक." आमच्यातल्या एकाचा पिढीजात धंदा तोच, त्यामुळे बराच वेळ हशा पिकला. हा पक्षी टोळ, सरडे मारतो आणि जास्तीचा माल काट्याला टोचून ठेवतो, त्यावरून हे नाव. एक गोष्ट आम्हाला त्याच वेळी आठवली. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात चार जीवांना मारण्याची मनाई आली आहे: मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि सुरद. सुरद म्हणजे हाच खाटीक, असे सांगितले जाते. त्या चारांपैकी दोन पक्षी लोह्याच्या माळावर अर्ध्या तासात दिसले. हे ऐकून एका मुलाने खिशातली गलोल हळूच आईच्या पिशवीत टाकली. आईने पाहिले, बोलली नाही.

ज्वारीच्या रानावरून भोरड्यांचा थवा गेला, धूर वळावा तसा वळत. अंग गुलाबी, डोके काळे. या मैना आपल्या नाहीत. त्यांची अंडी-पिल्ले मध्य आशियात, काही तर तुर्कस्तानापर्यंतच्या कोरड्या मुलखात होतात. पावसाळा सरता सरता त्या इकडे येतात, थंडीत ज्वारीवर पडतात आणि पळस-सावर फुलली की फुलांतला मध पितात, म्हणून त्यांना पळसमैनाही म्हणतात. शेतकरी गोफण घेऊन त्यांच्या मागे असतो, ते समजू शकते. पण तिकडे त्याच टोळांचा फडशा पाडतात. अलीकडे आपल्या भागात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. थव्यांना उतरायला रान आणि गोफणीला काम, दोन्ही कमी झाले.

लिंबोटीला दुपार झाली. धरणावर चक्रवाकाच्या जोड्या होत्या, बदामी-नारिंगी रंगाच्या. लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेल्या. काठाला शेकाटे लांब गुलाबी पायांवर उभे, दूर पाण्यात बदके. इथे दुर्बिणीशिवाय जमत नाही. नऊ जणांत दोनच दुर्बिणी होत्या आणि त्यावरून मुलांत मारामारी झाली. पाण्याकाठच्या जागांत बाकी सांगण्यासारखे विशेष नाही. डबे उघडले, जोहर पढलो.

खरा वाद परतीच्या वाटेवर झाला. रस्त्याकडेला एक माणूस टोपलीत जिवंत तितर घेऊन बसला होता, पाय बांधलेले. आमच्यातल्या एका चाचांनी गाडी थांबवायला सांगितली. त्यांचे म्हणणे सरळ होते: "तितर हलाल आहे. आमचे अब्बा दर थंडीत आणायचे. यात गैर काय?" गुरुजी म्हणाले की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला तितर, लावा, पोपट धरणे, विकणे, बाळगणे गुन्हा आहे, मग तो कोणीही खावो. चाचांना राग आला. पकडले जातात ते गरीब आणि त्यातही आपलेच, असे ते म्हणाले. या तक्रारीत तथ्य नाही असे आम्हाला वाटत नाही. पण नानींनी निकाल लावला. "हलाल आहे की नाही हे नंतर विचारा. आधी माल चोरीचा आहे का ते विचारा." गाडी पुढे निघाली. चाचा लोह्यापर्यंत गप्प होते.

त्या रात्री जेवणानंतर गुरुजींनी सलीम अली यांची गोष्ट सांगितली, आणि ती चाचांसाठीच होती हे सगळ्यांना कळले. सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. आई-वडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवले. मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने पोराने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, रश्शाचा शिंतोडा उडावा तसा. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग मुसलमानाने ही खावी की नाही, असा प्रश्न त्याला पडला. मामांनाही सांगता येईना. ते स्वतः शिकारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. 1908 च्या सुमाराची ही गोष्ट. मिलार्ड यांनी चिमणी ओळखली आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. खाता येईल का, इथे सुरू झालेला प्रश्न हा कोण, कुठे राहतो, कसा जगतो, असा पुढे आयुष्यभर चालला. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच चिमणीवर आहे: 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', 1985.

आपल्या वाचकांना यातली एक गोष्ट सहसा माहीत नसते. 1931-32 मध्ये सलीम अली यांनी निजाम सरकारच्या खर्चाने हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. नांदेडसह सारा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्यांच्या त्या काळच्या भटकंतीत पत्नी तहमीना बेगम बरोबर असत, तंबूतला संसार सांभाळत आणि पक्षीही पाहत. "बायकांनी रानात कशाला जायचे?" असे आम्हाला निघताना ज्यांनी विचारले, त्यांना हे उत्तर पुरेसे आहे. तहमीना 1939 मध्ये गेल्या. दोनच वर्षांनी, 1941 मध्ये, 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आले.

दुसरा दिवस किनवटचा. पल्ला मोठा, मुले गाडीत झोपली. सागवानात पक्षी दिसतात कमी, ऐकू जास्त येतात. हळद्या, सुतार, भृंगराज. पलीकडे पैनगंगा अभयारण्य. माहूरजवळ वझऱ्याला शेख फरीद दर्गा आणि धबधबा आहे. तिथे लोक जियारतीला जातात, पण वर झाडात कोण बसले आहे ते क्वचितच पाहतात. जंगलाच्या कडेला, वाळक्या फांदीवर, चिमण्यांचा लहान थवा होता. गुरुजींनी दुर्बीण चाचांच्या हातात दिली. "गळा बघा." चाचांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "पिवळा आहे." नंतर दुर्बीण तासभर त्यांच्याकडून कोणाला मिळाली नाही.

घरच्यांना घेऊन जायचे असेल तर थोडे सांगतो. कपडे मातकट रंगाचे घाला. बायकांच्या सोयीची जागा कुठे आहे ते वाटाड्याला आधीच विचारा. घरट्याजवळ जाऊ नका. वही ठेवा. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' ग्रंथालयात मिळाला तर मराठी नावांसाठी त्यासारखे पुस्तक नाही. चितमपल्ली 18 जून 2025 रोजी गेले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा 12, म्हणून राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात गुरुजी पुन्हा यायला तयार आहेत. पैसे नको म्हणाले. दुर्बिणी दोनापेक्षा जास्त असाव्यात आणि गलोल घरी ठेवावी, एवढ्याच त्यांच्या अटी.