शेवटच्या माणसाचा जाहीरनामा

हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांवर, खोबणीत बोटं रोवून उभे असताना, वरच्या पायरीवरच्या मुलाने हात पुढे केला. ‘काका, सॅक द्या इकडे.’ आवाजात मायाच होती. पण त्याच्या आदल्या रविवारपर्यंत आपण ‘दादा’ होतो. आमच्यातल्या प्रत्येकाच्या आयुष्यात असा एक कडा येऊन गेला आहे. ‘ताई’च्या ‘काकू’ झालेल्यांच्याही.

आम्ही तीस-पस्तीस वर्षं सह्याद्रीत चालणारी माणसं. शेवटच्या लोकलने कसाऱ्याला उतरून पहाटेच्या एसटीपर्यंत फलाटावर आडवी होणारी. हंटर शूज झिजवलेली, रॉकेलच्या स्टोव्हवर खिचडी करपवलेली. सोमवारी कॉलेजच्या कट्ट्यावर आमच्याभोवती घोळका जमायचा. आज घोळका ड्रोनभोवती जमतो. ट्रेकच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आमच्या प्रश्नाला नुसता अंगठा येतो. एका गटाने तर पंचेचाळिशीपुढच्यांची नावनोंदणीच बंद केली. हे लागतं. लागत नाही म्हणणं खोटं होईल, आणि खोट्यावर आम्हाला काही उभारायचं नाही.

पुन्हा ‘भारी’ ठरण्यासाठी आम्ही एकत्र आलेलो नाही. ते दिवस आम्ही पोटभर जगलो, आता ते या मुलांचे आहेत.

आम्हाला हवी आहे ती ओळीतली शेवटची जागा. पुढचा माणूस वाट काढतो. कुणाच्या बुटाचा सोल सुटलाय, कोण दोन तास पाणी प्यायलेलं नाही, कोण हसत हसत लंगडतंय, हे मागच्याला दिसतं. तो पोचला की सगळे पोचले. विशीत ही जागा आमच्यापैकी कुणालाच नको असायची, चिठ्ठ्या टाकाव्या लागत. त्या वयात पुढे धावावंसंच वाटतं, आणि ते योग्यच आहे. आता गुडघ्यांनी आमचा वेग ठरवला आहे आणि त्याच वेगात मागून सगळं नीट दिसतं. उतरताना तर हा शेवटचा माणूस हवाच. तेव्हा पाय थकलेले असतात, मन घरी पोचलेलं असतं, आणि घसाऱ्यावर नेमका तेव्हाच तोल जातो.

लेखक गो. नी. दांडेकर राजगडावर पुनःपुन्हा जात, तेव्हा तरुण मुलं त्यांच्यासोबत चालत. ती सोबत तुटली, याला आम्हीही जबाबदार आहोत. शेकोटीभोवती आम्ही ‘आमच्या वेळी’ने सुरुवात केली आणि मुलं कंटाळून उठून गेली. म्हणून ठरवलं आहे, की ते दोन शब्द कुणी विचारल्याशिवाय उच्चारायचे नाहीत. मोबाइलवर वाटेचा ट्रॅक कसा उतरवायचा, हे मुलांकडून शिकायचं, लाज न बाळगता. आणि जे आम्हाला ठाऊक आहे ते चालता चालता द्यायचं: कुठल्या टाक्याचं पाणी मेपर्यंत टिकतं, आग्या मोहोळांच्या कड्याखाली चूल का पेटवायची नाही, अत्तर मारून तिथे का जायचं नाही.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत, राजगड आणि लोहगड त्यांत आहेत. गर्दी वाढणार. पहिल्यांदा डोंगर पाहणारी मुलं येणार, आणि त्या प्रत्येक ओळीला मागे चालणारं कुणीतरी लागेल.

तरुण मित्रांकडे मागणी एकच. आम्हाला खुशाल काका म्हणा, काकू म्हणा, पण अर्जातला वयाचा रकाना काढून टाका. आम्हाला दोन तासांचा खडा चढ चढवून बघा. जमलं नाही तर आम्ही स्वतःच पायथ्याच्या गावात थांबू आणि तुम्ही उतरेपर्यंत गाडीपाशी जागे राहू.

पाऊस सरला की पहिली चाल राजगडाची. पायथ्याला गुंजवण्यात मुक्काम, पहाटे चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर. प्रत्येकी तीन लिटर पाणी, बॅटरी, अंथरूण. पुढे कोण चालणार ते मुलांनी ठरवावं. मागची जागा आमची.